सल्ला हवा: आयपीसी सर्टिफिकेशन ऑनलाइन करावं का? पुढे टेक्नॉलॉजी लीड व्हायचंय

भोसरीकर_एसएमटी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका ईएमएस (दुसऱ्या कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवून देणाऱ्या) कंपनीत प्रोसेस इंजिनिअर आहे. दोन एसएमटी लाइन (बोर्डाच्या पृष्ठभागावर पार्ट बसवणाऱ्या), एक वेव्ह सोल्डरिंग, बाकी हँड सोल्डरिंग. आतापर्यंत घरगुती उपकरणांचे बोर्ड जास्त असायचे. आता मेडिकलचं काम यायला लागलंय आणि ऑडिटला आलेला ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतो की सर्टिफाइड माणसं किती आहेत. साहेबांनी मला आयपीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानकं ठरवणारी संघटना) ए-६१० या मानकाचं सीआयएस (सर्टिफाइड आयपीसी स्पेशालिस्ट) करायला सांगितलंय, शक्यतो ऑनलाइन, कारण शिफ्ट सोडून आठवडाभर बाहेरगावी जाणं जमत नाही.

ऑनलाइन केलेलं ग्राहक मानतात का? आणि मला पुढे टेक्नॉलॉजी लीड व्हायचंय, त्यासाठी हेच करू की दुसरं काही?

नाशिकची_क्वालिटी
ऑडिटर तीन गोष्टी बघतो: मानक कुठलं, आवृत्ती कुठली आणि मुदत संपली आहे का. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. अंबडमध्ये मी स्वतः ऑडिटला बसते, ऑनलाइन केलं की वर्गात बसून केलं असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

पैसे भरायच्या आधी मात्र खात्री करून घ्या. केंद्र आयपीसीचं अधिकृत आहे ना? परीक्षा आयपीसीच्या पोर्टलवरच होणार ना? 'आयपीसीवर आधारित कोर्स' असं लिहून स्वतःच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र देणारेही आहेत, ते ऑडिटमध्ये चालत नाही. आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगवर कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघा. ए-६१० आणि जे-एसटीडी-००१, दोन्हींची जे आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण जुन्या ड्रॉइंगवर अजून जी किंवा एच दिसते.

वेव्हवाले_काका
ताईंशी सहमत. मी बंगळूरला सीआयटी (सर्टिफाइड आयपीसी ट्रेनर) म्हणून शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ए-६१० तयार बोर्ड स्वीकारायचा की नाही ते सांगतं. जे-एसटीडी-००१ बोर्ड बनवताना काय पाळायचं ते सांगतं. ६१० म्हणजे मुख्यतः चित्रं बघून निकष लावणं, त्यामुळे ते ऑनलाइन उत्तम शिकता येतं. फोटो स्क्रीनवर मोठा करून चिप कपॅसिटर पॅडच्या बाहेर किती सरकलाय ते दाखवता येतं: क्लास २ ला (नेहमीची टिकाऊ उपकरणं) रुंदीच्या निम्म्यापर्यंत चालतं, क्लास ३ ला (बंद पडून चालणारच नाही अशी उपकरणं) पाव. जे-एसटीडीचा थिअरीचा भागही घरून होईल. पण त्यातले थ्रू-होल, टर्मिनल, एसएमटी हे हाताने सोल्डर करायचे मॉड्यूल बेंचवरच करा. सोल्डरिंग आयर्न हातात कसं धरलं आहे, फ्लक्स कधी लावला, वायरचे तंतू तुटले का, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. ७७११/७७२१ या मानकातल्या रिवर्कचंही (बोर्डाची दुरुस्ती) तेच.

आता लीडबद्दल. तुमच्या मेडिकलच्या बोर्डावर पॉवर कनेक्टर असेलच. त्याच्या ग्राउंडच्या पिनमध्ये सोल्डर वरपर्यंत चढत नाही, बरोबर? क्लास ३ ला होल किमान ७५ टक्के भरलेलं लागतं, म्हणजे १.६ मिमीच्या बोर्डात १.२ मिमी. सर्टिफाइड इन्स्पेक्टर ते पकडतो आणि लाल बाण चिकटवतो. रिवर्कवाला आयर्नचं तापमान वाढवतो, जास्त वेळ धरतो, पॅड उचलला जातो आणि बोर्ड स्क्रॅपमध्ये. खरं कारण आतल्या थरात आहे. पिन थेट तांब्याच्या प्लेनला जोडलेली असते आणि सगळी उष्णता ते प्लेन ओढून घेतं. त्यावर बोर्ड खालून प्रीहीट करायचा, टिप जाड घ्यायची. सोल्डर एसएसी ३०५ (बिनशिशाचं) असेल तर अडचण जास्त, कारण ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि जुनं ६३/३७ चं शिसं-कथिल १८३ लाच. कायमचा उपाय म्हणजे लेआउटमध्ये त्या पिनभोवती थर्मल रिलीफ देणं (प्लेनला सगळीकडून न जोडता बारीक पट्ट्यांनी जोडणं). हे कोटेशनच्या वेळीच डीएफएम रिपोर्टमध्ये (डिझाइन बनवायला सोपं आहे का ते सांगणारा) लिहून ग्राहकाच्या डिझाइनरला पटवून देतो, त्याला मी टेक्नॉलॉजी लीड म्हणतो. सीआयएसच्या परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत.

म्हणून माझा क्रम असा: आधी ६१० चं सीआयएस ऑनलाइन, मग जे-एसटीडी बेंचवर, मग कंपनीच्या खर्चाने सीआयटी. सीआयटी झालात की तुमच्याच ऑपरेटर्सना तुम्ही सीआयएस करू शकता, तेही मराठीत समजावून. लाइनवरच्या मुली इंग्रजी स्लाइड बघून गप्प बसतात. त्याच मुलींना हातात बोर्ड देऊन मराठीत विचारलं की इतके बारीक प्रश्न येतात की आपल्याला मानक उघडून बघावं लागतं.

रांजणगाव_लाइन
काकांना +१. एक भर घालतो. सर्टिफिकेट येईपर्यंत स्टेन्सिल प्रिंटरजवळ उभे राहा. एसपीआयचा (छापलेली सोल्डर पेस्ट मोजणारं मशीन) डेटा रोज काढा, कुठल्या पॅडवर पेस्ट कमी पडते ते बघा आणि स्टेन्सिलच्या त्या भोकाचा एरिया रेशो (भोकाचं क्षेत्रफळ भागिले त्याच्या भिंतींचं क्षेत्रफळ) काढून बघा. ०.६६ च्या खाली असेल तर पेस्ट स्टेन्सिललाच चिकटून राहणार, स्क्वीजीचं प्रेशर कितीही बदला. याला कुणाची परवानगी लागत नाही की फी लागत नाही.

स्टुटगार्टहून
मी इथे ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. दोन गोष्टी सुचवतो, दोन्ही घरबसल्या होतील.

पहिली, आयपीसी-२५९१ म्हणजे सीएफएक्स वाचा. प्रिंटर, पिक-अँड-प्लेस, रिफ्लो, एओआय (कॅमेऱ्याने तपासणी) अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचा डेटा एकाच भाषेत कसा घ्यायचा याचं ते मानक आहे. नवीन मशीन घेताना 'सीएफएक्स देते का' हा प्रश्न आरएफक्यूत (दर मागवण्याच्या पत्रात) घातलात तर पुढे ट्रेसेबिलिटीचं काम खूप हलकं होतं.

दुसरी, मानकांच्या समित्या. त्यात स्वयंसेवक म्हणून जाता येतं, बऱ्याच बैठका ऑनलाइन असतात. तो ७५ टक्क्यांचा आकडा का ठेवायचा यावर माणसं तासन् तास वाद घालतात. ते ऐकताना जे शिकायला मिळतं ते कुठल्याच कोर्समध्ये नाही. भारतातल्या शॉप फ्लोअरवरची माणसं तिथे आणखी यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

भोसरीकर_एसएमटी
सगळ्यांचे आभार. काका, ती ग्राउंडची पिन अगदी आमचीच! उद्याच गर्बर (लेआउटची फाइल) उघडून बघतो. ६१० साठी बंगळूरच्या केंद्राला मेल टाकतो. सीआयटीचा विषय काढला तर साहेब बाँड मागतील, तीन वर्षांचा म्हणत होते.

नाशिकची_क्वालिटी
दोन वर्षांच्या पुढे जाऊ नका, प्रमाणपत्राचीच मुदत तेवढी आहे. तीनवर अडून बसले तर रीसर्टिफिकेशनचा खर्च कंपनी करेल हे त्याच कागदावर लिहून घ्या, आणि मगच सही करा.