स्वस्त चिनी मालापुढे बाकी देशांचे उद्योग टिकतात कसे, की टिकतच नाहीत?

सुप्रिया_क (धागाकर्ती)

बरेच दिवस या विषयावर वाचतेय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारते. २०२४ मध्ये चीनने जगाला जेवढ्याचा माल विकला आणि जेवढ्याचा विकत घेतला त्यातला फरक जवळजवळ एक लाख कोटी डॉलर होता. त्याच वर्षी चिलीमधला वाचिपातोचा पोलाद कारखाना थांबला, १९५० पासून चालू होता, आणि मालक कंपनीने सरळ सांगितलं की चिनी पोलादाच्या भावाला आम्ही पुरे पडत नाही. सरकारने मध्ये आयातशुल्क लावलं होतं तरी थांबलाच.

आता पुस्तकात आपण शिकतो की व्यापाराने दोघांचाही फायदा होतो, एक धंदा बसला की तिथले कामगार दुसऱ्या धंद्यात जातात. ते खरंच जातात का? हे सगळं निव्वळ स्वस्त मजुरीमुळे होतंय का? आणि शुल्क लावून कुणाचं काही वाचलंय का आजपर्यंत? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

भट्टीवाला

मजुरीचं कारण आता जुनं झालं. डिसेंबर २००१ मध्ये चीन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा ते होतं, आज चिनी कामगाराचा पगार व्हिएतनाम किंवा बांगलादेशपेक्षा बराच जास्त आहे तरी माल स्वस्तच. एक कारण म्हणजे सुटे भाग, साचे, मोटार, पॅकिंग सगळं आसपासच मिळतं, आज डिझाईन बदललं की चार दिवसांत नवा नमुना हातात. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण क्षमतेचं आहे. तिथल्या प्रत्येक प्रांताला आपला पोलाद कारखाना, आपली सोलर कंपनी, आपली मोटार कंपनी हवी असते, त्यासाठी जमीन स्वस्तात, कर्ज स्वस्तात, करात सूट, आणि तोट्यात गेली तरी स्थानिक सरकार ती बंद पडू देत नाही. दुसऱ्या बाजूला चिनी कुटुंबांचा खर्च देशाच्या जीडीपीच्या फक्त ४० टक्क्यांच्या आसपास, बहुतेक मोठ्या देशांत तो निम्म्याच्या वर असतो. म्हणजे बनवायचं खूप आणि घरातला गिऱ्हाईक कमी, मग उरलेला माल बाहेर जाणारच.

२०२१ नंतर तिथला घरबांधणीचा धंदा कोसळला आणि बँकांनी तो कर्जाचा ओघ कारखान्यांकडे वळवला, त्याने हे अजूनच वाढलं. पोलादाचंच बघा, जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद एकटा चीन बनवतो, इमारती थांबल्या की सळया जाणार कुठे? २०२४ मध्ये त्यांनी ११ कोटी टनांच्या आसपास पोलाद बाहेर विकलं. चिलीचं अख्ख्या वर्षाचं उत्पादन त्याच्या एका टक्क्याच्या जवळपास यायचं.

वाचिपातोबद्दल : तो कारखाना तांब्याच्या खाणीत दगड दळायला लागणाऱ्या गोळ्यांसाठी पोलाद बनवायचा. मार्चमध्ये बंद करतो म्हणाले, एप्रिलमध्ये गोळ्यांवर ३३.५ टक्क्यांपर्यंत शुल्क लागलं, मग चालू ठेवतो म्हणाले, आणि ऑगस्टमध्ये परत तेच. शुल्क लागलं तरी त्यांना भाव वाढवून मिळाला नाही. आणि चिलीच्या तांब्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक चीनच आहे, हे तिथलं कुठलंही सरकार विसरू शकत नाही.

नदीकाठ

कामगार दुसरीकडे जातात का, याचं उत्तर मिळालेलं आहे आणि ते वाईट आहे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एकेका भागाचा हिशोब काढला, कुठल्या भागातला उद्योग चिनी आयातीच्या थेट समोर होता आणि तिथे पुढे काय झालं. त्यांचा २०१३ चा पेपर गाजला. लोक गाव सोडून गेले नाहीत, दुसऱ्या धंद्यातही फारसे शिरले नाहीत. बरेच जण कामाच्या बाजारातूनच बाहेर पडले, अपंगत्वाचा भत्ता घेणारे वाढले, जे कामावर राहिले त्यांचेही पगार दबले. नंतर त्यांनी २०१९ पर्यंतचे आकडे पाहिले तरी ते भाग सावरलेले नव्हते. ऑटर ज्यात होते अशा दुसऱ्या एका अभ्यासात १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे, त्यात कारखान्यांवर जगणारे आसपासचे धंदेही धरलेत.

मला यातली खरी वेदना कुठली वाटते सांगू का, तर फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही. स्वस्त खुर्ची-टेबलाचा फायदा कोट्यवधी घरांत थोडा थोडा वाटला जातो, कुणाला जाणवतही नाही. तोटा मात्र व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स किंवा मार्टिन्सव्हिलसारख्या गावावर एकगठ्ठा येऊन पडतो, जिथे फर्निचर आणि कापड सोडून दुसरं कामच नव्हतं. कारखाना गेला की गावाचा कर जातो, मग शाळेला पैसे कमी, घरांच्या किमती पडलेल्या, मग घर विकून दुसऱ्या शहरात जायचं म्हटलं तरी तिथलं भाडं परवडत नाही. पन्नाशीतल्या माणसाला "नवीन कौशल्य शिका" म्हणणं फार सोपं आहे हो.

शुल्काचंही उदाहरण याच धंद्यातलं. २००४ च्या सुमारास अमेरिकेने चिनी बेडरूम फर्निचरवर अँटी-डम्पिंग शुल्क (वाजवीपेक्षा कमी भावात बाहेर विकलेल्या मालावरचं जादा शुल्क) लावलं, ऑर्डरी व्हर्जिनियात परतल्या नाहीत, व्हिएतनामला गेल्या.

सौरऊर्जाप्रेमी

भट्टीवाला, क्षमतेचा मुद्दा पटला, पण जर्मनीची गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. २००८ च्या सुमारास जगातली सगळ्यात मोठी सोलर सेल कंपनी क्यू-सेल्स होती, जर्मनीची. चिनी कंपन्यांनी सुरुवातीला बनवायच्या मशीन घेतल्या त्या जर्मन कंपन्यांकडूनच, अख्खी लाईन उभी करून मिळायची. त्या मशीनवाल्यांचा काही वर्षं मस्त धंदा झाला, मग चिनी कंपन्या मशीनही स्वतःच बनवायला लागल्या. २०१२ मध्ये क्यू-सेल्स दिवाळखोरीत गेली आणि कोरियन कंपनीने घेतली, सेंट्रोथर्म ही मशीन बनवणारी कंपनीही त्याच वर्षी अडचणीत आली, सोलरवर्ल्ड ही पॅनल बनवणारी कंपनी २०१७ मध्ये. मधल्या काळात २०१३ पासून युरोपने चिनी पॅनलवर शुल्क आणि किमान किमतीची अट लावली होती, २०१८ मध्ये काढून टाकली, तोपर्यंत वाचवायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

पण त्याच दशकात पॅनलचे भाव जवळपास ९० टक्क्यांनी पडले. शुल्काच्या विरोधात युरोपातलेच पॅनल बसवणारे लोक उभे राहिले, कारण छतावर चढून काम करणाऱ्यांची संख्या कारखान्यातल्यांपेक्षा जास्त होती. मी या क्षेत्रात काम करतो आणि मनापासून सांगतो, एवढ्या स्वस्त पॅनलशिवाय जगात इतकी सौरऊर्जा आज दिसलीच नसती. म्हणून "नुकसान झालं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं, कुणाचं ते विचारावंच लागतं.

सुप्रिया_क

खूप आभार सगळ्यांचे. नदीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. पण अमेरिका जर्मनी श्रीमंत आहेत, त्यांच्याकडे बेकारभत्ता वगैरे आहे. ज्या देशांची औद्योगिकीकरणाची सुरुवातच होती त्यांचं काय?

यंत्रमाग

त्यांच्यात दोन गट पाडावे लागतात. चीन जे बनवतो तेच बनवणारे देश मार खातात. चीनला जे लागतं ते विकणारे, किंवा चिनी सुटे भाग घेऊन पुढची वस्तू बनवणारे कमावतात, निदान काही काळ.

मार खाणाऱ्यांत नायजेरियातलं कदुना शहर. कापड गिरण्यांचं शहर होतं ते, १९८०च्या दशकात देशात या धंद्यात लाखांवर लोक होते, २००७ मध्ये तिथली मोठी युनायटेड नायजेरियन टेक्स्टाईल्स बंद झाली. त्यांच्याच छापाची नक्कल केलेलं कापड चीनमधून यायचं, वर नायजेरियात बनल्याचा शिक्का, आणि बरंचसं चोरट्या वाटेने सीमेवरून, म्हणजे आयातीवर बंदी असूनही उपयोग शून्य. पण सगळा दोष चीनवर टाकणं मला योग्य वाटत नाही, तिथे गिरणीला धड वीज मिळत नव्हती, जनरेटरच्या डिझेलवर विणलेलं कापड कुणाशी स्पर्धा करणार? त्यात २००५ च्या १ जानेवारीला जगभरचे कापडाच्या आयातीचे कोटे (कुठल्या देशाकडून किती घ्यायचं याच्या मर्यादा) संपले, त्याने छोट्या देशांची राखीव जागाही गेली. इंडोनेशियातली स्रिटेक्स ही कापड कंपनी तर अगदी अलीकडची, ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोर ठरली आणि मार्च २०२५ मध्ये बंद झाली तेव्हा १० हजारांवर कामगार घरी गेले, तिथे कर्जाचा डोंगरही होता आणि स्वस्त आयातीचा दाबही.

दुसरीकडे बांगलादेशचे कपडे शिवायला चिनी कापड लागतं, व्हिएतनामच्या फोन आणि फर्निचरच्या निर्यातीत चिनी भाग ठासून भरलेत. मेक्सिकोची गंमत... गंमत नाही म्हणणार, कारण २००० ते २००३ मध्ये तिथल्या सीमेवरच्या कारखान्यांतल्या दोन लाखांच्या वर नोकऱ्या गेल्या, काही अमेरिकेतल्या मंदीने आणि काही ऑर्डरी चीनला गेल्याने. पण चीनमधली मजुरी वाढली, मग अमेरिकेने २०१८ पासून चिनी मालावर शुल्क लावलं आणि २०२३ मध्ये मेक्सिकोने चीनला मागे टाकून अमेरिकेला सगळ्यात जास्त माल विकला. वीस वर्षं लागली, आणि शेजार अमेरिकेचा होता म्हणून.

नदीकाठ

सौरऊर्जाप्रेमी, स्वस्त मिळतंय म्हणून घेत राहा या विचाराचा एक धोका तुम्ही सोडलात. दुर्मिळ खनिजांचं बघा. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एकेकाळी जगाला पुरवायची, स्वस्त चिनी मालापुढे २००२ मध्ये थांबली. २०१० मध्ये जपानशी भांडण झाल्यावर चीनकडून जपानला जाणारा पुरवठा अडला, भाव भडकले, त्या जोरावर ती खाण पुन्हा सुरू केली, भाव परत पडले आणि २०१५ मध्ये खाणीची मालक कंपनी दिवाळखोर. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला तर काही आठवड्यांत अमेरिका, युरोप, जपानमधल्या मोटारींच्या लाईन थांबल्या, त्या मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या एका छोट्या चुंबकापायी. तो भाग किमतीत काहीच नसतो पण त्याच्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही.

जपानने मात्र २०१० नंतर शहाणपणा केला, दुर्मिळ खनिजं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीत सरकारी पैसा घातला, तोटा होत असतानाही साथ सोडली नाही आणि चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांवरून साधारण ६० वर आणलं. हे शुल्क लावून झालेलं नाही, दहा-बारा वर्षं महाग माल घ्यायची तयारी ठेवून झालं.

सौरऊर्जाप्रेमी

हा मुद्दा मान्य. सगळंच एका ठिकाणाहून घेणं मलाही धोक्याचं वाटतं, पॅनलच्या बाबतीत तर प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे.

सुप्रिया_क

मग चिनी कंपन्यांनाच बोलवून आपल्याकडे कारखाना काढायला लावला तर? युरोपात तसंच चाललंय ना?

भट्टीवाला

चाललंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर आधीच्या १० टक्क्यांवर आणखी ३५.३ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, अमेरिकेने त्याच वर्षी १००. बीवायडी या चिनी मोटार कंपनीने हंगेरीत सेगेडला कारखाना उभा करायला घेतला, ब्राझिलमध्ये फोर्डने २०२१ मध्ये सोडलेली कामासारीची जागा तिनेच घेतली. पण नुसता कारखाना आला म्हणजे उद्योग आला असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कामासारीच्या बांधकामावर एका ठेकेदाराने आणलेले १६३ चिनी कामगार गुलामीसारख्या स्थितीत सापडले, तिथल्या सरकारी तपासणीत. कामगार तिकडून, भाग तिकडून, आणि इथे फक्त जोडणी, असं झालं तर स्थानिक पुरवठादाराच्या हाती काय लागलं?

चीनने स्वतः १९९४ पासून परदेशी मोटार कंपन्यांना निम्म्याहून जास्त हिस्सा घेऊ दिला नव्हता, स्थानिक भागीदार घ्यायचाच, प्रवासी गाड्यांसाठी ही अट २०२२ मध्ये उठवली. तीच अट आता बाकीच्यांनी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे : भागीदार स्थानिक, सुट्या भागांचा वाटा ठरलेला आणि वर्षागणिक वाढणारा, इंजिनिअर इथले. करारावर सही होण्याआधी हे लिहून घ्यायचं, कारण एकदा शुल्कमाफी आणि जमीन देऊन झाली की मागायला हातात काही राहत नाही. मोठी बाजारपेठ असलेल्या देशाला हे जमेल, चिलीसारख्या दोन कोटी लोकसंख्येच्या देशाला एकट्याने जमणार नाही, त्याला शेजाऱ्यांना बरोबर घेऊनच बोलावं लागेल.