गोठलेला धबधबा बघायला जायचंय: दिवस कसा निवडायचा, बुटांना काय लावायचं?

आडवाट

शहरापासून गाडीने तासाभरावर एक धबधबा आहे, उंची अंदाजे २५ मीटर. वाट एरवी सोपी आहे. जाऊन-येऊन ६ किलोमीटर, चढ २५० मीटर, शेवटचा टप्पा ओढ्याच्या कडेने घळीतून. गेला आठवडाभर रात्री उणे ८ ते १० आणि दुपारी उणे १-२ असं तापमान आहे. शनिवारी ऊन आणि अधिक ३ असा अंदाज आहे, त्याच रात्री पारा घसरून रविवारी पहाटे उणे १२. आम्ही चौघे आहोत. डोंगरात चालायची सवय आहे, पण बर्फात कोणीच चाललेलं नाही.

शनिवार धरावा की रविवार? बुटांवर चढवायला स्प्रिंगवाले, साखळीवाले आणि पूर्ण क्रॅम्पॉन असे तीन प्रकार दिसतायत, त्यातलं काय घ्यावं? आणि फोटोंत लोक गोठलेल्या डोहावरून चालत जाऊन बर्फाच्या पडद्यामागे उभे असतात, ते करण्यासारखं आहे का?

कातळकडा

शनिवार बाद. रविवारही मला पटत नाही, पण त्याचं कारण वेगळं.

धबधबा एका रात्रीच्या थंडीने गोठत नाही. धार जिथे पातळ आणि संथ असते तिथे, म्हणजे कडेला, बर्फ आधी धरतो. उडालेले तुषार कातळावर थरावर थर चढवतात, आणि मग दोन्ही बाजूंचे सुळे वाढत वाढत मधली धार झाकून टाकतात. झाकली तरी आत पाणी वाहतंच. त्यामुळे आज किती अंश आहे यापेक्षा गेल्या ८-१० दिवसांत पारा कसा वर-खाली झाला ते बघायचं. नुसता पाझर असेल तर आठवडाभराच्या थंडीत बऱ्यापैकी पडदा उभा राहतो. भरपूर पाण्याच्या धबधब्याला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि काही तर पूर्ण झाकले जातच नाहीत. तुमचे आकडे शहरातले असतील तर दर १०० मीटर चढाला सरासरी ०.६५ अंश वजा करा. फक्त वारा नसलेल्या निरभ्र रात्री थंड हवा दरीत साचते आणि हे गणित उलटं होतं. तळाशी जास्त गारठा, वर कमी.

आता शनिवार. बर्फातून ऊन आरपार जातं आणि मागचा काळा कातळ तापतो. म्हणजे बर्फ सुटायला लागतो तो कातळाला चिकटलेल्या बाजूने. समोरून बघणाऱ्याला पडदा जसाच्या तसा दिसतो आणि मागची पकड गेलेली असते. बुडाशी १५ सेंटिमीटर जाड आणि दीड मीटर लांब असा निमुळता सुळा धरा, त्याचं वजन ८ किलोच्या आसपास भरतं. २० मीटरवरून सुटला की खाली पोचेपर्यंत वेग ताशी ७० किलोमीटर. हेल्मेट चिल्लर तुकड्यांसाठी असतं, याच्यासाठी नाही.

रविवारची गोष्ट आखडण्याची. बर्फही थंडीने आखडतो. १० मीटरचा खांब आतपर्यंत १५ अंशांनी थंड झाला तर ७-८ मिलिमीटर कमी होतो. ऐकायला हे काहीच नाही. पण तो खांब वर कातळाला आणि खाली बुंध्याला जखडलेला असतो, आखडायला जागाच नसते. ताण साठतो, आडवी चीर जाते, आणि कोणी हात न लावताही खांब कोसळू शकतो. अचानक कडाक्याची थंडी पडल्यावर पडदा 'पक्का' होतो हा समज नेमका इथे फसवतो.

उणे ४ ते उणे १० च्या दरम्यान दोन-तीन दिवस स्थिर गेले की जा. तुमच्या बाबतीत बहुधा पुढचा शनिवार. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यावर हिवाळ्यात ऊन जवळजवळ पडत नाही, तो जास्त भरवशाचा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी लवकर जाण्याचा फायदा नाही, उलट सकाळचं ऊनच थेट त्यावर येतं. हे नकाशात बघून ठेवा.

दवबिंदू

बुटांबद्दल. साखळीवाले, म्हणजे मायक्रोस्पाइक्स घ्या. रबराचा पट्टा बुटावर ताणून बसतो आणि तळाला साखळीने जोडलेले साधारण १ सेंटिमीटरचे पोलादी दात येतात. तुमच्या वाटेला हेच योग्य आहे.

क्रॅम्पॉनचे दात याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात आणि त्याला कडक तळव्याचा बूट लागतो. मऊ ट्रेकिंग बूट चालताना वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही, मग तो सुटतो. शिवाय सवय नसेल तर एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून माणूस तोंडावर आपटतो. ते तीव्र उताराच्या बर्फासाठी आहेत आणि सोबत आईस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुदळ, वापरता येणं गृहीत धरलेलं आहे.

घेताना आणि घालताना:

बूट दुकानात घेऊन जा. माप कागदावर जुळलं तरी जाड हिवाळी बुटावर पट्टा नीट बसत नाही. पट्टा टाचेवर वरपर्यंत चढला पाहिजे आणि बूट हलवल्यावर साखळी तळाखाली सरकता कामा नये. सैल असेल तर आडव्या उतारावर दात बाजूला फिरतात आणि पाय साखळीवर नुसता घसरतो. एकदा घरी हातमोजे घालून चढवून बघा. थंडीत रबर ताठ होतं आणि उघड्या बोटांनी ओढत बसलं तर दोन मिनिटांत बोटं बधिर होतात.

निसरडं लागल्यावर नाही, लागायच्या आधी चढवा. उतारावर एका पायावर उभं राहून पट्टा ओढणं हीच पडायची सगळ्यात सोपी पद्धत आहे.

तापमान शून्याजवळ असेल तर ओला बर्फ साखळीत गच्च भरून तळाशी लाडू होतो आणि दात जमिनीला टेकतच नाहीत. काठीने बुटाच्या कडेवर ठोकून पाडत राहायचं. बूट उंच झाल्यासारखा वाटला की समजा लाडू झालाय.

सोनकी

६ किलोमीटरसाठी स्प्रिंगवाले पुरतात की. हलके, स्वस्त. वाट एरवी सोपी आहे असं आडवाट यांनीच लिहिलंय.

दवबिंदू

सोनकी, सपाट रस्त्यावर पुरतात, तिथे हरकत नाही. पण स्प्रिंगला धार नसते. ती तुडवलेल्या बर्फावर धरते, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर घसरते. आणि उतारावर टाचेकडचा भाग निघून येतो.

'एरवी सोपी' यातच मेख आहे. गर्दीच्या वाटेवर बर्फ पायांनी दाबला जातो, दुपारी वरचा पापुद्रा वितळतो, रात्री गोठतो. चार-पाच दिवसांत वाटेचा मधला पट्टा घसरगुंडी होतो. त्यात घळीत ओढ्याचं पाणी वाटेवर पसरून गोठतं, ते वेगळंच. अशा ठिकाणी धबधब्यापेक्षा वाटेवर मनगटं आणि घोटे जास्त मोडतात. उतरताना पाय पूर्ण सपाट टेकवायचा म्हणजे सगळे दात लागतात. टाच आधी टेकवायची शहरी सवय सोडा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशात नाहीत.

टेकडीवाला

डोह आणि पडद्यामागची कपार: दोन्ही नको.

साचलेल्या पाण्यावर १० सेंटिमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ असेल तर एक माणूस चालू शकतो असा नियम वाचायला मिळतो. तो तळ्यासाठी आहे. धबधब्याखालच्या डोहाला तो लागू नाही, कारण तिथे पाणी सतत ढवळतं आणि जाडी हातभर अंतरावर बदलते. एके ठिकाणी वीतभर, शेजारी दोन बोटं. त्यावर भुसभुशीत बर्फ पडला की तो गोधडीसारखं काम करतो, खालचा थर जाड होऊ देत नाही आणि भोकंही झाकून टाकतो.

आणखी एक प्रकार कमी लोकांना माहीत असतो. डोह गोठल्यावर वरून येणारं पाणी कमी होतं आणि बर्फाखालची पातळी उतरते. मग वरचं छत अधांतरी राहतं. काठीने ठोकलं तर घट्ट बर्फ 'ठक्' वाजतो, पोकळ असेल तर डब्यासारखा 'डुब्' येतो. पण हे काठावरून ऐकायचं. ऐकण्यासाठी आत जायचं नाही. धबधब्याच्या पायथ्याशी तुषारांचा जो शंकू उभा राहतो, तोही बऱ्याचदा आतून पोकळ असतो आणि मधून धार पडत असते.

कपारीत जाणाऱ्यांचं म्हणणं असतं की सुळे समोर आहेत, डोक्यावर कातळ आहे. पण आत शिरताना आणि बाहेर येताना त्याच सुळ्यांच्या रेषेखालून जावं लागतं, आणि बर्फावर तिथून पळता येत नाही. पडद्यापासून निदान त्याच्या उंचीइतकं लांब राहायचं हा माझा ठोकताळा. तुमच्या बाबतीत २५ मीटर, आणि खालचा उतार निसरडा असेल तर आणखी, कारण पडलेले तुकडे फुटून उतारावरून बरेच खाली येतात. पायाशी ताज्या, धारदार कडांचे, वर भुरभुर न साचलेले तुकडे दिसले तर ते आजच पडलेत. मागे व्हा.

बर्फावर चढणारे दोरवाले दिसले तर त्यांच्या खाली अजिबात थांबू नका. प्रत्येक कुदळीच्या घावाला ताटाएवढ्या चकत्या सुटतात.

आणि घळ. २४ तासांत भरपूर ताजा बर्फ पडला असेल किंवा जोराचा वारा सुटला असेल तर वरच्या बाजूला ३० ते ४५ अंशांचा मोकळा उतार आहे का ते नकाशात बघा. हिमप्रपात, म्हणजे उतारावरून घसरत येणारे बर्फाचे लोंढे, बहुतेक अशाच उतारांवर सुटतात आणि घळ म्हणजे त्यांचं नळकांडं. त्या भागाचं हिमप्रपाताचं पत्रक निघत असेल तर ते वाचल्याशिवाय गाडी काढू नका.

आडवाट

सगळ्यांचे आभार. पुढचा शनिवार ठरवला, साखळीवाले घेतो, डोह काठावरूनच बघू. आता दोन बारीक प्रश्न. सकाळी किती वाजता चालायला लागावं? आणि फोन, कॅमेरा, पाणी यांचं काय?

निवांत

वेळ उलट्या बाजूने मोजा. नेहमीचा हिशोब तासाला ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला एक तास जादा. ६ किलोमीटर आणि २५० मीटरला तो साधारण १ तास ३५ मिनिटं येतो. बर्फात, नवख्या चौघांना, याच्या दुप्पट धरा आणि वर धबधब्यापाशी तास घाला. म्हणजे सव्वाचार तास. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडीशी पोचायचं असेल तर निघायची वेळ आपोआप कळते. परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि धबधबा दिसला नसला तरी त्या वेळेला फिरा. डोंगराच्या सावलीतल्या घळीत सूर्यास्ताच्या खूप आधी अंधारतं, त्यामुळे हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा, चौघांत एक नाही.

कपडे: सुती काही नको, आतला बनियनसुद्धा. गाडीपाशी किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालून निघा. ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येतो, आणि धबधब्यापाशी थांबल्यावर तोच घाम गारठवतो. जाड जाकीट पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि थांबल्या थांबल्या, थंडी वाजायची वाट न बघता, चढवा. दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. रक्त फिरलं नाही तर पाय जास्त गार पडतात. बोट किंवा नाकाचा शेंडा पांढुरका, मेणचट आणि बधिर झाला तर चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. काखेत किंवा उबदार तळहातात धरायचं.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकणाकडची बाजू खाली असली की तोंड मोकळं राहतं. नळीवाल्या पिशव्यांची नळी आधी गोठते, त्या घरी ठेवा. थर्मासमध्ये गरम काहीतरी न्याच.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. गारठला की ३० टक्के दाखवत असतानाच बंद पडतो, आणि ऊब मिळाली की बऱ्याचदा पुन्हा चालू होतो. नकाशा ऑफलाईन उतरवून घ्या आणि एक कागदी प्रत ठेवा, घळीत नेटवर्क बहुधा नसतंच. हेडलॅम्पला साध्या अल्कलाईनऐवजी लिथियमचे सेल घाला, थंडीत ते खूप जास्त टिकतात.

कॅमेरा: चौकटीत बर्फच बर्फ असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो राखाडी येतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या. लेन्सवर तुषार बसले तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ काचेवर गोठते. कोरड्या कापडाने टिपा. परतल्यावर गाडीत शिरायच्या आधी, बाहेरच्या थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून ती बंद करा आणि तासभर तरी उघडू नका. गाडीतली दमट हवा मग पिशवीच्या बाहेरून ओल धरते, लेन्सच्या आतून नाही. मेमरी कार्ड हवं असेल तर ते आधी काढून घ्या.