वेगळं काढलेलं फुफ्फुस: नायट्रोजनवर लॅक्टेट चढतं, 5% ऑक्सिजनवर का नाही?

परळची_लॅब:
उंदराचं फुफ्फुस क्रेब्स-हेन्सलाइट बफरवर (रक्ताऐवजी फिरवायचा क्षारांचा द्राव) चालवतोय. 4% अल्ब्युमिन, 5.5 मिलिमोलर ग्लुकोज, 37 अंश. व्हेंटिलेटरला 5% ऑक्सिजन, 5% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन दिला तर लॅक्टेट (ग्लुकोज मोडताना, विशेषतः ऑक्सिजन कमी पडला की, बनणारा पदार्थ) हलत नाही. शुद्ध नायट्रोजन दिला की चांगलंच चढतं. ऑक्सिजन तुटल्याचा परिणाम म्हणून लिहू का?

बफरवाला:
इतक्यात नको. पीएच मोजलात? शुद्ध नायट्रोजनमध्ये कार्बन डायऑक्साइड नाही. तो बफरमधून उडाला की पीएच वर सरकतो, आणि त्याने फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या ग्लुकोज मोडणाऱ्या एन्झाइमचा वेग वाढून लॅक्टेट चढू शकतं. तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात.
95% नायट्रोजन आणि 5% कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मागवा. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे हवेचा दाब 760 मिमी (पाऱ्याचा) धरा. 37 अंशांवरच्या पाण्याच्या वाफेचे 47 वजा केले की 713, त्याचे 5% म्हणजे सुमारे 36, हा कार्बन डायऑक्साइडचा दाब. बायकार्बोनेट 25 मिलिमोलर असेल तर पीएच 7.47 च्या आसपास यायला हवा. बराच वेगळा आला तर आधी इलेक्ट्रोडचं 37 अंशांवरचं कॅलिब्रेशन बघा. गॅस परफ्युझेटमध्ये (फुफ्फुसातून फिरणाऱ्या द्रवात) बुडबुडे काढत सोडू नका, अल्ब्युमिनला फेस येतो. ओलसर करून पृष्ठभागावरून फिरवा.

अल्व्हिओलस:
5% वर काही न होणं अपेक्षितच आहे. वायुकोशात तेव्हाही 35 मिमीच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि सायटोक्रोम ऑक्सिडेजला (पेशीत ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम) 1-2 मिमी पुरतो. फुफ्फुसाच्या पेशींना तो थेट हवेतून मिळतो, रक्ताची वाट बघावी लागत नाही. 5% वर फुफ्फुसधमनीचा दाब वाढेल, पण ते रक्तवाहिन्यांचं आकुंचन, चयापचयाचा पुरावा नव्हे.
आणि हो, सिलिकॉनच्या नळ्या बदला. त्यांतून ऑक्सिजन आत झिरपतो आणि उघड्या टाकीतूनही येतो. तुमचा ‘शून्य’ मग शून्य राहत नाही.

परळची_लॅब:
मिश्रण बदलूनही लॅक्टेट वाढलं तर पुरे?

बफरवाला:
नाही. फुफ्फुस भरपूर ऑक्सिजनवरही लॅक्टेट बनवतंच. म्हणून लॅक्टेट-पायरुव्हेट गुणोत्तर काढा, ऑक्सिजन तुटला की ते वाढतं. शेवटी ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजा. नमुना काढल्या काढल्या थंड पर्क्लोरिक आम्लात घाला. सुरुवातीचं रक्तमिश्रित परफ्युझेट टाकून द्या, लाल पेशींचं लॅक्टेट त्यातच असतं.

अल्व्हिओलस:
तुलनेसाठी 95% कार्बन मोनॉक्साइड आणि 5% कार्बन डायऑक्साइड वापरतात. कार्बन मोनॉक्साइड सायटोक्रोम ऑक्सिडेजच अडवतो. मात्र तो विषारी आहे, फ्यूम हूड (वायू बाहेर खेचणारं कपाट) आणि अलार्म नसेल तर त्या सिलिंडरला हात लावू नका.