चिकनमधला साल्मोनेला: पीसीआरला बँड येतो, प्लेटवर कॉलनी नाही

लॅबवाली_नागपूर: एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट करून राहिली आहे. इथल्या बाजारातल्या उघड्या चिकनमध्ये साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) शोधायचा आणि तो दुकानाच्या लाकडी ठोकळ्यावरून लागतो की कोंबडीसोबतच येतो ते टायपिंगने (जंतूंचे उपप्रकार ओळखून) बघायचं. अडचण अशी की मांस खंगाळलेल्या पाण्यातून डायरेक्ट डीएनए काढून पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून शोधायची टेस्ट) केली तर साल्मोनेलाच्या इन्व्हए जीनचा २८४ बेसपेअरचा बँड (जेलवरची रेघ) स्वच्छ दिसतो, पण एक्सएलडीवर (जंतू वाढवायची प्लेट) नुसत्या पिवळ्या कॉलनी (जंतूंचे पुंजके), साल्मोनेलाची असते तशी काळ्या ठिपक्याची एकही नाही. गाईड म्हणतात पॉझिटिव्ह लिही, मला पटत नाही.

सेमिनरीहिल्सवाला: नको लिहू ताई. पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा चालतो, जिवंत आहे की नाही ते त्याला कळत नाही. २५ ग्रॅम मांस २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जंतूंचं साधं खाद्य) ३७ डिग्रीला रात्रभर ठेव, थंडीने अर्धमेले झालेले जंतू तिथे सावरतात, मग त्यातलं ०.१ मिली १० मिली आरव्हीएसमध्ये (इतर जंतू दाबून साल्मोनेला वाढवणारं द्रावण) ४१.५ ला एक दिवस आणि मग एक्सएलडीवर रेघ मार. काळी कॉलनी आली तरी लगेच खुश होऊ नको, प्रोटिअस नावाचा दुसरा जंतूही तसाच दिसतो, युरिएज टेस्ट (जंतू युरिया फोडतो का ते बघायची) लाव, प्रोटिअस गुलाबी करतो, साल्मोनेला नाही करत. आणि सॅम्पल बर्फाच्या डब्यातूनच आण, आपल्या मे महिन्यात पिशवीत घेऊन फिरली तर लॅबपर्यंत पिशवीतच जंतू वाढून जातात.

जीन_वाचक: टायपिंगचं मी सांगतो. एका प्लेटवरून एकच कॉलनी उचलू नको, एकाच चिकनमध्ये दोन-तीन स्ट्रेन (एकाच जंतूचे उपप्रकार) असू शकतात. एमएलएसटीत (टायपिंगची एक पद्धत) फक्त ७ जीन बघतात, त्यामुळे ठोकळा आणि कोंबडी दोन्हीकडे एकच एसटी (त्यातून मिळणारा प्रकार-नंबर) आला तरी ठोकळ्यावरूनच लागला असं म्हणता येत नाही, काही एसटी तर जगभर सापडतात! पैसे कमी असतील तर आधी ईआरआयसी-पीसीआरने (बँडच्या नक्षीवरून स्ट्रेन ताडायची स्वस्त पद्धत) सगळे आयसोलेट (वेगळे करून वाढवलेले जंतू) एकाच रनमध्ये चाळून घे (वेगळ्या लॅबच्या जेलशी ताडू नको, जुळत नाही ते) आणि सारखे दिसतील तेवढेच होल जीनोमला (जंतूचा पूर्ण डीएनए वाचायला) पाठव. आणि दुकान उघडल्या उघडल्या, कटाई सुरू व्हायच्या आधी ठोकळ्याचा स्वॅब घे, नाहीतर कोणाचं कोणाला लागलं ते जीनोमही नाही सांगणार.

सावजीप्रेमी: माफ करा मधात बोलतो, मग आम्ही चिकन खावं का नाही?

सेमिनरीहिल्सवाला: खा ना भाऊ, आतपर्यंत ७५ डिग्री गेलं की साल्मोनेला मरतो, आपला रस्सा तर किती वेळ उकळत राहते. धोका कच्च्या मांसाचा आहे. नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर उडतात, आणि त्याच सुरीने कांदा-काकडी कापू नका.

लॅबवाली_नागपूर: कटाईआधीच्या स्वॅबचं डोक्यातच नव्हतं आलं. सकाळी लवकर जाऊन दुकानदारांना विचारते, हो म्हणाले तर आरव्हीएसनंतरचे फोटो इथेच टाकते.