मदत हवी आहे: हैतीची राजकन्या अमेथिस्त हिच्याबद्दल

हैतीच्या आँरी क्रिस्तोफ राजाची मोठी मुलगी अमेथिस्त, तिच्यावर मराठीत एक लेख लिहितेय आणि मधेच अडकलेय. राज्य १८११ ते १८२०, म्हणजे दहा वर्षंसुद्धा धड टिकलं नाही. ऑक्टोबर १८२० मध्ये बंड झालं, राजाने स्वतःला गोळी घातली, पाठोपाठ बंडखोरांनी युवराजालाही मारलं, आणि राणी मारी-लुईझ दोन्ही मुलींना, म्हणजे हिला आणि धाकट्या आतेनाईसला घेऊन इंग्लंडला गेली, तिथे गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनने त्यांना सफोकमधल्या आपल्या घरी ठेवून घेतलं, पुढे लंडन आणि मग इटलीत पिसा. इथपर्यंत सगळं मिळालंय.

पण मुलगी म्हणून ती कशी होती, काही सापडत नाही हो! राजाच्या चरित्रांत मुली म्हणजे नुसती नावं. दरबारी पंचांग चाळलं, त्यात पदव्याच पदव्या. क्लार्कसनचा पत्रव्यवहारही बघितला, पण तो बहुतेक राजाशीच.

सितादेल किल्ला, साँ-सूसी राजवाडा वगैरे माहिती नकोय, ती भरपूर आहे. कादंबऱ्याही नकोत. फ्रेंच मला येत नाही पण स्कॅन मिळाला तर वाचून घेईन कोणाकडून तरी. आतेनाईसचं स्पेलिंग जुन्या कागदांत वेगवेगळं आहे, शोधताना लक्षात ठेवा.

तर अमेथिस्तने किंवा तिच्या बहिणीने स्वतः लिहिलेलं एखादं पत्र, किंवा त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या कोणी लिहून ठेवलेलं वर्णन ऑनलाइन कुठल्या अर्काइव्हमध्ये बघायला मिळेल?