ऑल-स्टारची विश्रांती: यंदाचा बेसबॉल मोसम तुम्ही कसा अनुभवलात?

न्यू जर्सी

सोमवारी होमरन डर्बी झाली (चेंडू थेट कुंपणापार मारायचा तो होमरन, त्याचीच ही स्पर्धा), मंगळवारी अटलांटात अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना झाला, आणि आता शुक्रवार, १८ जुलै २०२५पर्यंत एकही सामना नाही. मार्चअखेरपासून रोज संध्याकाळी घरात चालू असलेली कॉमेंट्री बंद आहे. म्हणून म्हटलं, या रिकाम्या दिवसांत आपण मराठी बेसबॉलवेडे एकमेकांना आपापला २०२५चा मोसम सांगूया. याला मोसमाचा मध्य म्हणायची पद्धत आहे, पण १६२ पैकी शहाण्णव-सत्त्याण्णव सामने होऊन गेलेत, कोण किती पाण्यात आहे ते बऱ्यापैकी कळलंय. गुणतक्ता सगळ्यांना पाठ असेलच. तुम्ही कोणाबरोबर पाहिलंत, काय डोक्यातून जात नाही, कशाने जीव जळला, ते आपल्या गावाचं नाव वर घालून लिहा.

माझ्यापासून सुरू करते. मी मेट्सची, नवरा यांकीजचा; दोन्ही न्यू यॉर्कचे संघ. ह्वान सोटो गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडून आमच्याकडे आला, १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करून. सुरुवातीला त्याची बॅट चालत नव्हती तेव्हा मला रोज जेवताना टोमणे ऐकावे लागले. जूनमध्ये तो पेटला, नॅशनल लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरी ऑल-स्टार संघात त्याचं नाव नाही! प्रत्येक संघाचा निदान एक खेळाडू हवा, चाहत्यांच्या मतांना वजन हवं, हे सगळं मान्य. तरी मला हे पटलेलं नाही आणि पटणार नाही.

शनिवारी सिटी फील्डवर मेट्सच्या डेव्हिड राइटचा ५ नंबर निवृत्त करणार आहेत, म्हणजे तो पुन्हा कोणाला देणार नाहीत. त्याला मात्र आम्ही दोघंही जाणार. आख्खी कारकीर्द एका संघाला देणाऱ्याचा मान आमच्या घरात दोन्ही बाजूंना आहे.

सिअ‍ॅटल

ताई, आमचा सोमवार सांगतो. बाबा उन्हाळ्यासाठी साताऱ्याहून आलेत. पहाटेपासून आम्ही दोघं लॉर्ड्सची कसोटी बघत होतो. जडेजा ६१ वर नाबाद, आणि सिराजने बशीरचा चेंडू व्यवस्थित खेळून काढला तरी तो घरंगळत मागे गेला आणि बेल पडली. २२ धावांनी हरलो. बाबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

संध्याकाळी डर्बी लागली तेव्हा ते नाइलाजानेच येऊन बसले. कॅल रॅली आमच्या मरिनर्सचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा बॅटरच्या मागे बसणारा. विश्रांतीपर्यंत ३८ होमरन. इतक्या दिवसांत याहून जास्त फक्त बॅरी बाँड्सने मारलेत, २००१ साली ३९. हे मी सांगितलं त्याचं बाबांना फारसं काही वाटलं नाही. पण त्याला चेंडू टाकणारा माणूस त्याचा बाप आहे आणि मागे कॅचरचा मुखवटा घालून बसलेला पोरगा त्याचा धाकटा भाऊ आहे म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. "बाप टाकतोय? मग बरोबर जागेवरच टाकणार."

पहिल्या फेरीत रॅली आणि ब्रेंट रूकर दोघांचेही १७. अशा वेळी सगळ्यात लांब गेलेला होमरन कोणाचा ते बघतात. रॅलीचा ४७०.६१ फूट, रूकरचा ४७०.५३. म्हणजे जेमतेम एका इंचाने आमचा माणूस पुढे गेला! अंतिम फेरीत त्याने टँपा बेच्या कॅमिनेरोला १८-१५ असं हरवलं. डर्बी जिंकणारा हा पहिलाच कॅचर.

बाबांचा प्रश्न मात्र वेगळाच होता, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विकेटकीपर पन्नास षटकं वाकतो त्याचं त्यांना कौतुक. इथे हा माणूस आठवड्यातून पाच-सहा दिवस, दर सामन्यात शंभराहून जास्त वेळा उकिडवा बसतो, अंगावर चेंडू झेलतो, पिचरला काय टाकायचं ते सुचवतो, आणि मग उठून डावखुरी आणि उजवी, दोन्ही तऱ्हेने बॅटिंग करतो. "याचे गुडघे सप्टेंबरपर्यंत टिकणार का रे?" आता ते रोज सकाळी आधी रॅलीचं विचारतात. २७ जुलैला आमचा जुना खेळाडू इचिरो सुझुकी कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये दाखल होतोय, तो सोहळाही दोघं मिळून बघणार.

डेट्रॉइट

सिअ‍ॅटलच्या दादांनी सभ्यपणाने एक गोष्ट लिहिली नाही, ती मीच लिहितो. विश्रांतीच्या आधीच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी त्यांनी आमच्याच मैदानावर येऊन तीनही सामने जिंकले. पहिल्या दोन दिवसांत १२ आणि १५ धावा खाल्ल्या आम्ही. तरीही आमचे टायगर्स ५९ विजय, ३८ पराभव, सगळ्या तीस संघांत पहिले. गेल्या ऑगस्टपर्यंत आमचं नाव कोणी घेत नव्हतं, मग शेवटच्या ४४ सामन्यांत ३१ जिंकून आम्ही प्लेऑफ (बाद फेरी) गाठली. तेव्हापासून हे शहर बदललंय. ऑफिसात कधी खेळाबद्दल न बोलणारी माणसंही आता काल स्कुबल बघितला का विचारतात.

टारिक स्कुबल, आमचा पिचर. २५ मेच्या रविवारी मी बायको-मुलीसह कोमेरिका पार्कमध्ये होतो. क्लीव्हलंडविरुद्ध त्याने सगळी नऊ इनिंग टाकली, ९४ चेंडूंत, १३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही धाव दिली नाही. हल्ली पिचरला सहा इनिंग झाल्या की बाहेर काढतात, त्यामुळे नवव्या इनिंगला तो राखीव पिचरांच्या बुलपेनकडे न बघता स्वतःच मैदानात चालत आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. शेवटचा चेंडू फलकावर दिसला: ताशी १०२.६ मैल. चौऱ्याण्णवावा चेंडू, आणि तो सगळ्यात वेगवान! माणूस थकतो तेव्हा हा वेग वाढवतो. आमच्या बाजूला बसलेले एक म्हातारे गृहस्थ १९८४ची जागतिक मालिका, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, बघितलेले, त्यांनी माझ्या मुलीला स्कोअरकार्ड कसं भरायचं ते पूर्ण सामनाभर शिकवलं. तो कागद फ्रिजवर लावलाय.

टोरंटो

आमच्यासाठी मोसम एका आठवड्यात फिरला. ३० जून ते ३ जुलै, रॉजर्स सेंटरवर यांकीजशी चार सामने, चारही आमच्या ब्लू जेजचे. कॅनडा डेला जॉर्ज स्प्रिंगरने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला, एकट्याने ७ धावा आणून दिल्या, १२-५ जिंकलो. मालिका संपली तेव्हा ब्लू जेज आपल्या गटात पहिल्या क्रमांकावर होते आणि अजून तिथेच आहेत. स्प्रिंगर संपला असं आम्हीच गेल्या वर्षी म्हणत होतो. न्यू जर्सीच्या भावोजींना नमस्कार सांगा.

बे एरिया, कॅलिफोर्निया

तुम्ही सगळे आपापल्या संघाबद्दल लिहिताय ते वाचून बरं वाटतं आणि त्रासही होतो. मी ए'जचा, म्हणजे पूर्वीच्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा. ओकलंड कलिझियमवरचा त्यांचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ला झाला. आता ते सॅक्रामेंटोत, मायनर (खालच्या) लीगच्या जेमतेम चौदा हजारांच्या मैदानावर खेळतात, पुढे लास व्हेगासला जाणार. माझ्या घरापासून सॅक्रामेंटो फार लांब नाही. पण अजून गेलो नाही, जावंसं वाटत नाही.

कलिझियम जुनं, गळकं, काँक्रीटचं. तरी तिथे ढोल वाजवणारी मंडळी असायची, वरच्या रांगेत घरून आणलेला डबा खाल्ला तरी कोणी हटकायचं नाही. अमेरिकेत आल्यावर मला आपलं वाटलेलं ते पहिलं ठिकाण.

यंदा १२ जूनला मी पुन्हा तिथे गेलो, क्रिकेटसाठी! मेजर लीग क्रिकेटचा, म्हणजे अमेरिकेतल्या टी-ट्वेंटी लीगचा, पहिला सामना तिथे ठेवला होता. फिन अ‍ॅलनने ५१ चेंडूंत १५१ केल्या, १९ षटकार. आजूबाजूला मराठी, तेलुगू, पंजाबी, उर्दू, सगळं ऐकू येत होतं. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण ज्या कोपऱ्यातून आमचा रिकी हेंडरसन धावायचा तिथे क्षेत्ररक्षक उभा बघून आत काहीतरी तुटलं. माझा मुलगा विचारत होता, आता आपण कोणाचे? सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचे व्हायला माझं मन तयार नाही. त्याला मोकळीक दिलीय.

पिट्सबर्ग

बे एरिया, आमचा संघ, पायरेट्स, शहरात आहे, नदीकाठी आहे, तरी दुःख आहेच. आमच्या पिचर पॉल स्कीन्सचे यंदाचे आकडे बघा: दर नऊ इनिंगला सरासरी २.०१ धावा देतो, आणि त्याच्या नावावर ४ विजय, ८ पराभव. १८ मेला फिलाडेल्फियात त्याने आमच्या वाट्याच्या आठही इनिंग एकट्याने टाकल्या, फक्त एक धाव दिली, आणि आम्ही १-० हरलो. त्याला आमचे लोक धावाच करून देत नाहीत. मंगळवारी त्याने नॅशनल लीगकडून सुरुवात केली तेव्हा त्याच्यामागे खरे बॅटर उभे होते, ते बघून वाईट वाटलं.

तरीही या संघावर माझा जीव आहे, त्याचं एक कारण भारतात आहे. २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनेच करारबद्ध केलं होतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाने करार केलेले ते पहिले भारतीय. दोघंही मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत. पण मी तेव्हा इथे विद्यार्थी होतो, ती बातमी वाचून पहिल्यांदा मैदानाकडे जाणारा क्लेमेंटे पूल चालत ओलांडला आणि तिकीट काढलं.

डेन्व्हर

आमचे रॉकीज: २२ विजय, ७४ पराभव. मे महिन्यात एक सामना २१-० हरलो, दुसऱ्या दिवशी मॅनेजरला काढलं. पण कूर्स फील्डच्या वरच्या मजल्यावर विसाव्या रांगेच्या खुर्च्या जांभळ्या आहेत, ती रांग समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच. इथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू नीट वळत नाही, म्हणून २००२पासून चेंडू दमट कपाटात ठेवतात. हे सगळं मी मुलांना तिथेच बसून शिकवतो. मोकळ्या खुर्च्या हव्या तितक्या मिळतात. शुक्रवारी जाणारच आहोत.

मिलवॉकी

बॉब युकर जानेवारीत गेले. १९७१पासून आमच्या ब्रुअर्सची रेडिओ कॉमेंट्री त्यांची. मी इंग्रजी बोलायला शिकले ती बरीचशी त्यांच्या आवाजावर, स्वयंपाक करताना. यंदा सात सामने सलग जिंकून विश्रांतीला आलोय, जेकब मिझिओरोव्स्कीसारखा पोरगा ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकतोय, आणि हे सगळं त्यांनी सांगायला हवं होतं. मिझिओरोव्स्कीला मोठ्या लीगमधल्या पाचच सामन्यांनंतर ऑल-स्टारला बोलावलं म्हणून काही खेळाडू चिडले. सोटोबद्दल न्यू जर्सीच्या ताई म्हणतात ते पटतं, पण ऑल-स्टार हा लोकांनी बघायला यावा म्हणून असतो, आणि या मुलाला लोक बघायला येतात.

अटलांटा

मंगळवारी मी ट्रुइस्ट पार्कमध्ये होतो. आमचे ब्रेव्हज यंदा ढेपाळलेत, तरी घरी पाहुणे आलेत म्हटल्यावर उत्साह होता. सामना मध्येच थांबवून दिवे मालवले आणि ब्रेव्हजच्या हँक आरनचा विक्रमी ७१५वा होमरन, ८ एप्रिल १९७४चा, प्रकाशाने मैदानावरच पुन्हा उभा केला. चेंडूची वाट दाखवणारं आतषबाजीचं शेपूट कुंपणापलीकडे गेलं. त्या विक्रमाच्या आधी कृष्णवर्णीय आरनना ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती, हे माझ्या शेजारच्या मुलांना त्यांच्या आजीने सांगितलं.

ज्येष्ठ पिचर क्लेटन कर्शॉनेही दोन बळी घेतले. त्यातला पहिला कॅल रॅली, काइल टकरने घसरत झेल घेतला. सिअ‍ॅटलच्या बाबांनी तो बघितला असेलच.

शेवट मात्र मला रुचला नाही. ६-० वरून ६-६, आणि मग इनिंग वाढवण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या तीन-तीन बॅटरना तीन-तीन फटके, ज्यांचे होमरन जास्त ते जिंकले. बेसबॉलच्या सामन्याला वेळेची मर्यादा नाही, हीच त्याची शान आहे. बरोबरी अशी सोडवू नये.

पुणे

अटलांटाच्या दादा, मला तर तोच भाग सगळ्यात आवडला! आमच्याकडे सामना बुधवारी पहाटे साडेपाचला सुरू झाला. मी अमरावतीला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, राज्य पातळीपर्यंत गेले. आता इथे मुलींना शिकवते. नॅशनल लीगच्या काइल श्वार्बरला सामन्यात एकही हिट मिळाला नव्हता. त्याने तीन फटक्यांत तीन होमरन मारले, तिसरा तर गुडघा टेकवून. नॅशनल लीग ४-३. एका इंचाने डर्बीतून बाहेर पडलेल्या रूकरनेही तिथे दोन मारले, त्याचंही मला बरं वाटलं.

माझ्या मुलींना मोठ्या सामन्यात शेवटच्या चेंडूला हात आखडायची सवय आहे. तीनच संधी, सगळे बघतायत, आणि चेंडू टाकणारा आपल्याच बाजूचा, असा सराव त्यांना कधी दिलाच नव्हता. परवा शनिवारी तीन-तीन जणींचे दोन गट करून हेच खेळायला लावणार आहे, मैदान सकाळी सात ते नऊ मिळालंय.