बडोद्यात मराठी सिनेमा म्हणजे फक्त तलवारी का?

सूरसागरकाठी

2025 संपत आलंय, म्हणून यंदा काय पाहिलं आणि पुढे काय पाहायचंय यावर हा धागा काढतो. वाद होणार हे माहीत आहे. होऊ द्या.

फेब्रुवारीत 'छावा' आला तेव्हा आपल्याकडे काय वातावरण होतं ते सगळ्यांनी पाहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी तिकिटं काढत होतं. मीही घरच्यांबरोबर गेलो. विकी कौशलने जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब नुसत्या नजरेने धाक बसवतो. पण संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारे संभाजीराजे मला त्यात भेटले नाहीत. 'श्री सखी राज्ञी जयति' अशी स्वतःची मुद्रा असलेल्या येसूबाईंच्या वाट्याला तर बहुतेक काळजी आणि निरोपच आले. लढाया जोरदार होत्या, पण लढाईच्या आधीची आणि नंतरची माणसं कुठे गेली?

सप्टेंबरात 'दशावतार' पाहिला. दुपारचा एकच खेळ, मागच्या दोन रांगा सोडल्या तर सगळं रिकामं. दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे आहेत. त्यांचा बाबुली मेस्त्री म्हणजे नजर अधू होत चाललेला दशावतारी नट. मुलगा म्हणतो आता पुरे करा, आणि बाबुलीला ते जमत नाही. तोंडाला रंग लागला की त्याची मान, खांदे, आवाज सगळं बदलतं, आणि रंग नसताना तोच माणूस दोन पावलं चालताना चाचपडतो. उत्तरार्धात सूडकथा जरा ताणली आहे हे मान्य. तरी यंदाचं मला सर्वांत आवडलेलं काम तेच.

जयंत सोमलकरांचा 'स्थळ' मार्चमध्ये आला. सुरुवातीलाच मुलगी बघायला येण्याचा कार्यक्रम उलटा करून दाखवलाय: मुलगा मान खाली घालून बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थोडा वेळ हसू येतं. मग तेच प्रश्न खऱ्या मुलीला, सविताला, पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि हसू आटतं. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. सप्टेंबरात तो भारतात लागला. मला इथे कुठे खेळ सापडला नाही, मुंबईला बहिणीकडे गेलो तेव्हा पाहिला.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण बडोदेकर मराठी माणसं थिएटरात जातो ती फक्त ऐतिहासिक सिनेमाला. बाकीच्यांना 'ओटीटीवर येईल की' म्हणून टाळतो, आणि मग इथे मराठी सिनेमे लागत नाहीत म्हणून आपणच कुरकुरतो. 1 जानेवारीला हेमंत ढोमे यांचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येतोय. बंद पडायला आलेली मराठी शाळा आणि ती वाचवायला एकत्र आलेले माजी विद्यार्थी. हा विषय आपल्याइतका कुणाला लागू पडतो? 1 मे 2026 ला रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी' येईल, तो आपल्या मदतीशिवायही भरेल. पैसे आणि सुट्टी राखून ठेवायचीच असेल तर 'क्रांतिज्योती'च्या पहिल्या शनिवार-रविवारसाठी ठेवा.

मांडवीची लेक

दादा, सिनेमाबद्दल छान लिहिलंत, पण निष्कर्ष मला अजिबात पटला नाही.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात जाते. घरी आमच्याशी मराठी बोलते, खाली खेळायला गेली की गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी. मराठी वाचायला बसवली की दहा मिनिटांत उठते. 'छावा' पाहून आली आणि रात्री झोपेपर्यंत प्रश्न विचारत होती. संगमेश्वरला कोण फितूर झालं, रायगड कुठे आहे, आपण कधी जायचं. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या कपाटातलं पुस्तक स्वतः काढून बसली. अडखळत का होईना, वाचलं तिने. हे काम तुमच्या 'स्थळ'ने केलं असतं का?

आणि 'स्थळ'बद्दल एक सांगते. मी स्वतः ते कांदेपोहे घेऊन गेलेली बाई आहे. उंची विचारली, रंगावरून कुजबुज ऐकली, नकाराचे निरोप ऐकले. सिनेमा चांगला असेल, असणारच. पण रविवारची दुपार आणि घरचे पैसे खर्चून मला तेच परत बघायचं नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना आपलं काहीतरी अभिमानाने दाखवावंसं वाटतं, त्यात चूक काय?

फतेगंज ४०२

ताई, अभिमानाला कुणीच चूक म्हणत नाहीये. मी इथे फाइन आर्ट्सला आहे, मूळचा साताऱ्याचा. पण अभिमान फक्त तलवारीचाच का? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. आपण दांडिया बाजारातून जाताना ती इमारत रोज बघतो. भारतीय सिनेमाचा जनक ज्या गावात चित्रकला शिकला त्या गावात सनडान्स जिंकलेल्या मराठी सिनेमाला एक पडदा मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

'साबर बोंडं'मध्ये दहा दिवसांचं सुतक आहे. वडील गेलेत, मुलगा मुंबईहून गावी आलाय, आणि अमुक खायचं नाही, तमुक घालायचं नाही, तिकडे जायचं नाही हे नातेवाईक सतत बजावतायत. त्या सगळ्यात त्याला लहानपणीचा मित्र भेटतो. कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही, माणसं चौकटीत येतात, बसतात, उठून जातात. आपल्या घरांतलं सुतक इतक्या बारकाईने मी पडद्यावर आधी पाहिलं नव्हतं.

रावपुरा नाट्यवेडा

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, तेव्हा थोडं स्पष्ट बोलतो.

भाषेच्या नावाने तिकीट काढायला सांगू नका. गांधी नगरगृहात मराठी नाटक आलं की मी आजही पहिल्या पाच रांगांत असतो, कारण नाटक चांगलं असतं. वाईट असलं तर मध्यंतरात उठून येतो. सिनेमालाही तोच न्याय. 'क्रांतिज्योती' अजून कुणी पाहिलेला नाही आणि तुम्ही आत्ताच पहिल्या आठवड्याची हमी मागताय. विषय चांगला म्हणजे सिनेमा चांगला असं थोडंच असतं? मराठी शाळेवर कळवळ्याने केलेला वाईट सिनेमा मला नको.

ऐतिहासिकांचंही तेच. 'फर्जंद' 2018 मध्ये आला तेव्हा मला आवडला होता. मग 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. तेच दिग्दर्शक, बरेचसे तेच चेहरे, तेच पार्श्वसंगीत. बाजीप्रभूंच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, पुढच्या सिनेमात आलं नाही. ताई, मुलीला दाखवा जरूर, पण पडद्यावर भगवा फडकला म्हणजे सिनेमा झाला असं तिला वाटू देऊ नका.

आणि शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे, वर पॉपकॉर्न वेगळं. पेन्शनीत राहणाऱ्या माणसाने निवडूनच जायला हवं.

मांडवीची लेक

काका, एवढं तर तिला कळतं. पण सुरुवात कुठून तरी व्हावी लागते ना. तुम्ही आज नाटकाच्या पहिल्या रांगांत बसता, त्याआधी लहानपणी काहीतरी साधंच पाहिलं असेल.

खिडकी क्रमांक दोन

काही वर्षं एका मल्टिप्लेक्सच्या तिकीट खिडकीवर आणि मग हिशेबात काम केलंय, म्हणून आतलं थोडं सांगतो. इथे भावना बऱ्याच आल्या, गणित कुणीच मांडलं नाही.

2009 च्या निर्माते-मल्टिप्लेक्स भांडणानंतर हिंदी सिनेमांसाठी वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, त्यानंतर 30. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो. थिएटरवाल्याला मराठीशी वैर नाही. चौथ्या आठवड्यात चालणारा सिनेमा त्याला कुठल्याही भाषेत हवाच असतो. आपला सिनेमा दुसरा शुक्रवारच बघत नाही, अडचण तिथे आहे.

महाराष्ट्रात 2015 पासून मल्टिप्लेक्सना दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये मराठी सिनेमा दाखवण्याचा नियम आहे. इथे असा काही आधार नाही. शुक्रवार-शनिवारी किती खुर्च्या भरल्या ते बघतात आणि सोमवारी खेळ उडतो. आत्ता 'धुरंधर' साडेतीन तासांचा आहे. एका पडद्यावर दिवसाला चारच्या वर खेळ बसत नाहीत, म्हणून त्याला जास्त पडदे दिलेत. उरलेल्या फटीत मराठीला सकाळची वेळ मिळते. सकाळी साडेनऊला कोण येणार? कुणी आलं नाही की 'मराठीला प्रेक्षक नाही' अशी नोंद होते, आणि पुढच्या सिनेमालाही तीच वेळ मिळते.

तेव्हा सूरसागरकाठी यांचं पहिल्या शनिवार-रविवारचं म्हणणं व्यवहाराने बरोबर आहे. पण काकांचंही खोटं नाही. लोक एकदा हट्टाने येतील. सिनेमा रटाळ निघाला तर पुढच्या वेळी हट्टही राहणार नाही.

अर्धी गुजराती

माहेर मराठी, सासर पटेल. मला तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट दिसत नाहीये: हा सिनेमा बघणारे फक्त मराठी लोकच का असावेत?

ऑक्टोबरात 'लालो' लागला. मोठे नट नाहीत. जुनागढचा एक रिक्षावाला, एका फार्महाउसमध्ये अडकून पडतो आणि त्याला श्रीकृष्ण भेटतो. पहिले दोन-तीन आठवडे कुणी विचारलं नाही. मग बायकांनी बायकांना सांगितलं, मंदिरात बोलणं झालं, आणि 100 कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला गुजराती सिनेमा ठरला. माझ्या सासूबाई दोनदा गेल्या. त्याआधी 'वश' आला होता. त्याचाच हिंदीत 'शैतान' झाला, आणि जानकी बोडीवाला दोन्हींत होती. 'हेल्लारो'ला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तलवार यातल्या कशातच नाही.

आणि आपल्यातही 'बाईपण भारी देवा' आहेच. सहा बहिणी, मंगळागौर, घरातली उणीदुणी. 2023 मध्ये बायका गटागटाने साड्या नेसून गेल्या. मी जाऊबाईंना घेऊन गेले होते. त्यांना मराठी येत नाही, पण खाली इंग्रजी सबटायटल होती आणि बहिणींची भांडणं कुठल्याही भाषेत कळतात. मांडवीताई, 'छावा'शिवाय मुलगी येणारच नाही असं धरून चालू नका. तिला मंगळागौर दाखवून बघा.

सूरसागरकाठी

काका, तुमचा मुद्दा पटतो आणि नाहीही. चांगला असेल तरच जाईन हे बरोबरच आहे. पण 'राजा शिवाजी'ही अजून कुणी पाहिलेला नाही. अजय-अतुलचं संगीत, संतोष सिवन यांचा कॅमेरा एवढंच माहीत आहे, तरी माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी 1 मे आत्ताच राखून ठेवलाय. त्यांना कुणी विचारत नाही की सिनेमा चांगला आहे का. ही आगाऊ उधारी फक्त एकाच प्रकारच्या सिनेमाला मिळते, माझी तक्रार एवढीच आहे.

ताई, तुमच्या मुलीने पुस्तक उघडलं हे वाचून मनापासून बरं वाटलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त 'छावा' हिंदीत होता हेही लक्षात घ्या. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी, त्यांनी आधी मराठीत 'टपाल' केला होता, कथा शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवरची. तरी तिच्या कानावर मराठी पडली ती तुमच्याकडून, पडद्यावरून नाही. 'दशावतार'मध्ये तिने मालवणी ऐकली असती.

रावपुरा नाट्यवेडा

प्रभावळकरांसाठी गेलो असतो. सकाळचा खेळ आहे असं समजलो, गुडघे सकाळी साथ देत नाहीत. दुपारी ठेवला होता हे आत्ता कळतंय.

खिडकी क्रमांक दोन

काका, ही दुसरी अडचण. मराठी सिनेमाची जाहिरात इथे जवळजवळ होतच नाही. पोस्टर लागत नाही, गुजराती पेपरात ओळ येत नाही. लोकांना खेळ कळतो तो उतरल्यावर.

'क्रांतिज्योती'चं सांगतो. 1 जानेवारीला गुरुवार आहे, इथे सुट्टी नाही. त्यामुळे खरी परीक्षा 3 आणि 4 तारखेला. पुढचा शनिवार-रविवार मिळाला तर मिळाला, मग उत्तरायण, पतंगांची संक्रांत. 14 तारखेला सगळं गाव गच्चीवर असतं. आणि 'राजा शिवाजी' 1 मेला येतोय, तो गुजरातचाही स्थापना दिवस. शुक्रवार, लागून शनिवार-रविवार. त्या सिनेमाची काळजी कुणी करू नये. दिवाळीत नितेश तिवारींचं 'रामायण' येतंय, तेव्हा तर बाकी कुणाला पडदाच मिळणार नाही.

मांडवीची लेक

उत्तरायणाच्या आधीचा रविवार जमेल. पण 1 मेचं मी रद्द करणार नाही, आधीच सांगते. मुलीने आत्याच्या पोरांनाही कबूल केलंय.

अर्धी गुजराती

खिडकीभाऊ, 'क्रांतिज्योती'ला सबटायटल आहेत का एवढं विचारून सांगाल? असतील तर सासूबाई आणि जाऊबाईंसह चार तिकिटं माझी.

खिडकी क्रमांक दोन

जुन्या सहकाऱ्याला विचारतो. इथलं बुकिंग उघडलं की वेळही याच धाग्यावर टाकतो, दुपारची मिळाली तर काकांसाठी आधी.